नानांचा रिकामा पाट

देवपूर, मंगळवार, संध्याकाळ

धरणगावहून येताना बसमध्ये कानात फुकटातलं ऐकायचं पुस्तक लावलं होतं. हौशी माणसं घरी बसून वाचतात, तसलं. मेल्यावर माणसाचं काय उरतं, असा काहीतरी विषय. वाचणाऱ्याचं नाव नव्हतं. पण पान उलटण्याआधी तो बोट ओलं करत होता, ते चक्क ऐकू येत होतं.

नाना, माझे वडील, असंच करायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. दुपारी दार लावून मोठ्यानं वाचत बसायचे, समोर रिकामा पाट, त्यावर नुसता मोबाइल. आम्हाला वाटायचं, पोथी चाललीय, पाट ती ऐकायला येणाऱ्या मारुतीरायाचा. पाटावर मोबाइल कशाला, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

पारोळा सोडलं आणि वाचनाच्या मागून, दाराआडून, एका बाईचा आवाज आला. "नाना, पाट कोनासाठे मांडेल शे?"

माझाच आवाज. पाट कोणासाठी मांडलाय, असं एकदा मी दाराबाहेरून विचारलं होतं; त्या दिवशी मला उत्तर ऐकू आलं नव्हतं, हे पक्कं आठवतं.

परत ते ओलं बोट. मग नाना, अगदी हळू:

"तुनासाठे शे, माय. आते नही. तू बसमा बठीसन आयकशी, तवय."