ठकी बर्फात

सीपरी बाजार, झाशी
२ डिसेंबर

चि. शलाकास दत्तूकाकाचे अनेक आशीर्वाद,

ठकीला घेऊन एवढ्या उंच पहाडात, नारकंड्याला सुखरूप पोचलीस, जीव भांड्यात पडला. तू शिकवतेस त्या शाळेतल्या पोरांना सांग, डिकी पुढे आणि इंजिन मागे असलेली ही जुनी फोक्सवॅगन आहे, हसायचं काम नाही! जन्मभर मी रेल्वेचं इंजिन हाकलं. तिथे वळणं रूळच घेतात. कधीतरी आपण स्वतः वळावं म्हणून ठकी घेतली होती.

अक्षर काकूचं आहे. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू वाढलाय, उन्हाळ्यापर्यंत उजेड-अंधाराखेरीज काही दिसणार नाही. रडू नकोस. हल्ली पहाटे एकच स्वप्न पडतं, ठकी बर्फातून चाललीय आणि कसलाच आवाज नाही. दिसतंय तोवर एकदा तिच्यातून बर्फ बघायचाय गं. पडला की कळव, मी निघतोच. काकू म्हणते, म्हातारा पागल झालाय.

लोभ आहेच, थंडीत तो गोठू देऊ नकोस.

तुझा दत्तूकाका


नारकंडा
४ जानेवारी

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.,

बर्फ पडला. मोठमोठ्या गाड्या चढावर घसरत होत्या, आणि ठकी मागच्या चाकांवर इंजिनाचं वजन घेऊन गुपचूप वर गेली. काय ऐट आली मला! पण उतारावरच्या वळणावर पुढचं अंग हलकं पडलं, स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. घाबरून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला आणि तिचं मागचं अंग गर्रकन फिरलं. आम्ही दोघी बर्फाच्या ढिगात, तोंड आलो त्या दिशेला. झाशीजवळ चिरगावच्या शेतात, पावसाळ्यातल्या काळ्या चिखलात तुम्ही शिकवलेलं सगळं विसरले.

खरचटलंसुद्धा नाही. पण ठकीवर ताडपत्री घातलीय. तुम्ही येऊ नका काका, काही झालं तर काकूला काय तोंड दाखवू? हवं तर रागवा, माया मात्र तेवढीच ठेवा.

आपली शलाका


नारकंडा
१९ जानेवारी

ती. काकूस शि. सा. न.,

धन्य आहेस! काकांना अडवायचं सोडून पुढच्या डिकीत वजनाला म्हणून गव्हाची दोन पोती शिवून दिलीस? दारात काका, मागे पोती सांभाळत तुमच्या शेजारचा मुकुल. मला बोलायची सोयच ठेवली नाहीस.

पोती डिकीत घालून गावाबाहेरच्या रस्त्यावर निघालो, तर बर्फ इतका दाट झाला की कडाच दिसेनात. मी म्हटलं, काका, काही दिसत नाही. तर हसतात! म्हणाले, मला रोज असंच दिसतं, हळू चालव. मग तेच वळण आलं. त्यांनी डोळे मिटले, पाठ सीटला टेकवली आणि म्हणाले, मागचं सरकतंय, पाय काढू नकोस, ते जातंय तिकडेच हळूच वळव. ठकी जराशी डुलली आणि सरळ झाली. मग डोळे उघडून काका कितीतरी वेळ नुसते बर्फ बघत बसले. मी रडले, लपवत नाही.

गहू ठेवून घेतलाय. तुझा जीव आमच्यावर असाच असू दे.

तुझी शलाका


झाशी
२४ मे

चि. शलाकास काकूचे आशीर्वाद,

इथे नुसती भट्टी पेटलीय, दिवसभर लूचे गरम झोत. ह्यांचं दिसणं गेल्या आठवड्यात गेलं. माहीत होतं, तरी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे धड जेवतही नव्हते.

काल संध्याकाळी हाक मारून शेजारी बसवलं. म्हणाले, दुर्गे, सगळं पांढरं दिसतंय, बर्फ पडतोय बघ. मी म्हटलं, हो, पडतोय. मग माझा हात घट्ट धरून विचारलं, वळण आलं का गं? मला मेलीला गाडीतलं काय कळतंय! पण तुझं पत्र पाठ आहे. म्हटलं, आलंय, पण पाय काढू नका, मी बसलेय ना वजनाला.

तेव्हा कुठे हसले, आणि पोळी मागितली.

ठकीला जप, आणि आम्हा दोघांना जीव लावून राहा.

तुझी काकू