कोठीतलं वाकडं यंत्र

ता. १७ मार्च, दुपार

प्रिय वन्सं,

हो, मुद्दाम 'वन्सं'. एरवी चिमणे म्हणते, पण सध्या रागावलेय. तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. इकडे सगळे ठीक. तुझ्या दादाचं पोट सुटलंय, दारं लागत नाहीत आणि डोंगर फुगलाय.

दारांपासून सुरू करते. कोठीच्या खोलीचं दार बरेच दिवस अडत होतं. आईंनी सुताराला फैलावर घेतलं. त्याने रंधा मारला, दार लागलं, आठवड्याने पुन्हा अडलं. "हल्लीचे सुतार!" म्हणत आईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. बिचाऱ्याचा काय दोष? जमीनच तिरकी होत होती.

आणि हे आमच्या ज्वालामुखीच्या वेधशाळेला कळू नये! अगं, त्याच खोलीत आमचं यंत्र आहे, जमीन केसभर कलली तरी सांगणारं. घरचीच जागा म्हणून मीच बसवलं. ऑफिसातल्या पडद्यावर त्याची रेघ दिवसभर हळूहळू चढायची आणि सकाळी धपकन खाली. साहेब म्हणाले, "भिंतीपलीकडे तुमची शेगडी आहे, उष्णतेने होत असेल." मीही नंदीबैलासारखी मान डोलावली.

काल चष्मा विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले, तर आई कोठीत. केर काढून झालेला आणि यंत्राच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवणं चाललेलं.

"आई, हे काय?"

"अगं, रोज वाकडं होतं मेलं. काचेतला तो बुडबुडा मधोमध आला की कसं बरं दिसतं."

रोज! मी तडक साहेबांना फोन लावला.

साहेब धावत आले. आईंनी त्यांनाच झापलं. "तुमची वस्तू नीट ठेवली, तर आभार राहिले बाजूलाच!" पुठ्ठ्यांची चळत बघून साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला; जमीन तेवढी कलली होती.

मग मी आईंना समजावलं. शिलारस काही नळातून आल्यासारखा सरळ वर येत नाही. खडक फोडत, फटी शोधत येतो. वर कठीण थर लागला की थरांच्या मधून आडवा शिरतो, तिथेच साठतो आणि वरची जमीन उचलतो. मग कुठे कच्ची जागा मिळाली, की उभा चढतो. तो डोंगराच्या टोकातूनच बाहेर पडेल असंही नाही. कुशीतूनही फुटेल, म्हणजे आपल्या परसातून.

"आमच्या धाकटीसारखाच," आई म्हणाल्या. "सरळ बोलायचं नाही, आतल्या आत धुमसायचं आणि भलतीकडेच फुटायचं." त्या जातीच्या या घरात दोघी आहेत, पण ते बोलायची माझी छाती झाली नाही.

शनिवारपर्यंत आपली सगळी आळी रिकामी करायचीय. शेजारच्यांनी पलंगसुद्धा हलवले. आई मात्र हटून बसल्यात. तुझा दादा एकदा बोलायला गेला आणि भांडी घासून परत आला. मी आपली सगळ्यांना सांगत सुटलेय, जुनं घर, जीव अडकतो माणसाचा.

ते खरं नाही गं. आज सकाळी त्यांचे कपडे भरायला घेतले, तर हात धरला माझा.

"मला ठाऊक होतं. यंत्र वाकडं झालं की घर सोडायचं, हे तूच सांगितलं होतंस ते बसवताना."

"मग सरळ का करत राहिलात?"

"ती आली आणि दाराला कुलूप दिसलं तर? तिला वाटेल, आई बोलली तसंच वागली."

भांडणात 'तुला या घराचं दार बंद' म्हणाल्या होत्या ना, ते त्यांना अजून खातंय. सगळ्या आळीचा जीव धोक्यात घातलात म्हणून मी खूप ओरडले त्यांच्यावर. मग रडले. त्या नाही रडल्या. बटाटे सोलत बसल्या.

चिमणे, आता राग पुरे. साहेब माणसं आणून उचलून नेऊ म्हणतात, पण तसं नेलं तर त्या मनाने इथेच राहतील. तू दारात उभी राहून 'चल' म्हणालीस, की चपला न घालता निघतील. शनिवारच्या आत ये.

आत्ता मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "कोणाला लिहितेयस?" मी म्हटलं, ऑफिसला. तर म्हणाल्या, "मग ऑफिसला कळव, येताना स्वेटर आण म्हणावं. संध्याकाळचा वारा सोसत नाही तिला."

तुझी वाट बघणाऱ्या दोघींपैकी, कबूल करणारी,
वहिनी