अण्णांचा वेल

६ जानेवारी २०१९

रताळ्यात सोंडे किडा! वाफा उकरून पाहिला, दहातली सहा पोखरलेली. फोडलं की कडवट वास. शेळीनं हुंगून तोंड फिरवलं — तिला एरवी कागदसुद्धा चालतो.

पाऊस नाही, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. त्यातून किडा थेट रताळ्यापर्यंत. मुंगीएवढा, काळानिळा, मान लाल. दिसायला देखणा आहे मेला.

लग्नात माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हा वेल ओल्या पोत्यात गुंडाळून दिला होता. आता अण्णा नाहीत, शहराजवळच्या त्यांच्या शेताचे प्लॉट पडले. हे रताळं आता फक्त माझ्या या वाफ्यात. इथून गेलं की संपलं.

८ जानेवारी

शेजारची भागूबाई वेल मागायला आली, परसात लावायला. नाही म्हटलं. किडका आहे हे कारण झालं. खरं म्हणजे मला कुणाला द्यायचाच नसतो.

आत्याबाई चिडल्या. "वेल मागितला तर नाय म्हणू नये. रताळ्याचा वेल कुणी इकत घेतंय का?" मी म्हटलं, तुमच्या माहेरचा असता तर वाटला असता का? सासूला असं बोलायला नको होतं. पण बोलले.

तीन वर्षांपूर्वी मालनबाईवरून हेच भांडण. पाणी नाही म्हणून ती गाव सोडून शहरात निघालेली. तिच्या नवऱ्याला माझ्या भावानंच वॉचमन लावून दिलं — अण्णांच्या शेतातल्या प्लॉटिंगवर! टेम्पो भरता भरता तिनं वेल मागितला. मी तिची भांडी टेम्पोत चढवत राहिले. ती समजली. अण्णांच्या जागेवर राहणार ती, आणि वर वेलही तिलाच? असं वाटलं तेव्हा.

११ जानेवारी

शहरात जाऊन आले. क्रांती चौकातून रिक्षानं औरंगपुरा. कामगंध सापळे घेतले. दुकानदार म्हणाला, "मादीच्या वासानं फकस्त नर येतात ताई. मादी शेतातच राहते." म्हणजे हिंडायला नर आणि घरी राबायला बाई. किड्यांतही तेच.

१९ जानेवारी

सापळ्यात ओंजळभर नर. धुण्याभांड्याचं पाणी वाफ्याला घालून भेगांवर माती ओढली. कंबर मोडली. दुसऱ्या टोकाकडून आत्याबाई माती लावत आल्या. बोलणं बंदच आहे आमचं.

२ फेब्रुवारी

कृषी सहायक अजिनाथ येऊन गेला. वाफा पाहून खालीच बसला.

"वहिनी, किती वर्सं इथंच लावताय?"

अकरा.

"आन किडकी कुठं टाकता?"

उकिरड्यावर. तेच खत परत वाफ्याला. कोण टाकून देतं खत?

"मंग तुम्हीच पाळलाय की त्याला."

सगळं उपटून जाळा म्हणाला. दोन वर्षं इथं रताळं नाही. बेणं बाहेरून आणा! बाहेर आहे कुठं? शेंडे घेऊ का विचारलं. हिरवे असते तर चालले असते. सगळे करपलेत.

किडा कुठूनही आला असेल. पोसला मी.

५ फेब्रुवारी

जाळला सगळा. एक बुडखा तेवढा हिरवा निघाला. न्हाणीजवळ तेलाच्या डब्यात लावला. कुणाला सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी

फुटला! दोन पानं.

२६ फेब्रुवारी

डब्याच्या काठावर तोच. लाल मानेचा.

अजिनाथला फोन केला. "बुडख्यातच अंडी घालते ती वहिनी. शेंड्याकडं सहसा नाय." बुडखा चिरला. आत पांढरी अळी. पानांसकट चुलीत टाकला आणि तिथंच बसून रडले. अण्णा गेले तेव्हा एवढी रडले नव्हते.

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. काहीतरी बोलणार होत्या. "धूर लई झालाय," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी ह्यांचा फोन घेऊन अंगणात कुणाशी तरी बराच वेळ बोलत होत्या.

४ मार्च, महाशिवरात्र

उपासाला घरात रताळं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी मालनबाई आली! वेरूळला दर्शन घेऊन थेट इकडं. काखेत ओलं पोतं. उघडलं — शेंडेच शेंडे, हिरवेगार. खाली दोन रताळी. एक फोडलं. आत स्वच्छ पिवळं.

"तुझ्या सासूनंच टेम्पोत टाकलं व्हतं तवा. तनुजाला सांगू नको म्हणली."

कुठं लावलास, विचारलं.

"तुझ्या बापाच्या हिरीवर. बुजवली ना ती. पर वल हाय तिथं अजून."

आत्याबाई तूर निवडत बसल्या होत्या. मान वर केली नाही. मी त्यांच्या चहात चमचाभर साखर जास्त टाकली. मग पोत्यातले सहा शेंडे बाजूला काढले आणि भागूबाईला हाक मारली.