घड्याळजीच्या खिशातली टेप

५ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

शहरातल्या बेकारांवरच्या तुझ्या पुस्तकातलं प्रकरण पोचलं. तू शुद्धलेखन तपासायला धाडलंस. पण चौथीत गुरुजींनी कवितेची चाल शिकवली, तेव्हापासून चांगली ओळ मुकाट्यानं वाचणं मला जमत नाही. जिन्यात जमलेल्या शेजाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे रंगले होते. दुकान बंद पडल्याचं बायकोपासून लपवून रोज डबा घेऊन बागेत बसणारा तुझा घड्याळजी आला, आणि त्यानं खिशातून टेप काढून बाक मोजला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या बायकोनं विचारलं, की घड्याळजी कशाला टेप बाळगेल? आणि ती उठून गेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की तुझा घड्याळजी म्हणजे तिचा नवराच.

त्यांचं दार बंद आहे. पोरी, तेवढं पान गाळता येईल का?

रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा काका

१२ मार्च

ती. काकांना सा. न. वि. वि.

काका, तपासायला दिलं होतं, गायला नव्हे! दोन दिवस तुमच्यावर धुमसले. पण चूक माझी. लिहिताना शिंप्याचा धंदा मी बदलला, पण टेप फार आवडली म्हणून राहू दिली. बायकोला कळणार नाही, असा शब्द त्याला त्याच बाकावर बसून दिला होता.

पान नाही, अख्खं प्रकरणच काढून घेतलं. कॉलेजातल्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, की मग पुस्तकात उरतं काय? प्रकाशकानं पुस्तक परत केलं, कायम नेमणूकही हुकली. इतकी वर्षं हंगामी शिकवलं, अजून शिकवीन. शिंप्याला यातलं कळू देऊ नका.

तब्येत सांभाळा, माया असू द्या.

तुमची चिमणी

२० मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद.

काल शिंपी आला. मी घाबरलोच. घरात अबोला होता म्हणे. मग बायकोनंच विचारलं, की माझा डबा त्या बाकाला तरी आवडत होता ना? तिथून दोघं हसली. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, की यांच्यावर पुस्तक येतंय. त्याची तक्रार एकच: घड्याळजी नको, शिंपीच लिहा.

तू बजावलंस म्हणून गप्प बसलो. तर त्यानं खिशातून तीच टेप काढली. पुस्तक निघेल त्या दिवशी मी घालायचा सदरा तो शिवणार आहे. मी हात पसरून उभा राहिलो, तो मापं पुटपुटत होता. जन्मभर कविता पाठ केल्या, पण त्या वेळी एक ओळ आठवेना.

परवा कच्च्या शिलाईचा सदरा अंगावर चढवून बघायला बोलावलंय. चिमणे, त्याला काय सांगू?

उत्तराची वाट बघणारा,
तुझा काका