दोन ट्रॅकमधली फट

१२ ऑगस्ट, मंगळवार

प्रिय वहिनी,

पाकीट बघून दचकू नकोस, वाईट बातमी नाही. फोनवर आपण दोघी एकमेकींना वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहायला बसले. तू माझ्याहून आठ महिन्यांनी लहान, कॉलेजात माझ्याच वह्या उतरवून पास झालेली, आणि तुला 'वहिनी' लिहिताना अजून हसू येतं. पण सवय झालीय, सुटत नाही.

मी बरी आहे. आईचे गुडघे ती सांगते तेवढे वाईट नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायचं नवं यंत्र आलं; बाटल्या मात्र त्याच, झाकणं न बसणाऱ्या.

दादा हॉस्पिटलात तसाच. डोळे उघडे असतात, पण कशावर ठरत नाहीत. अन्न नळीतून. डॉक्टर म्हणतात, मेंदूत रक्तस्राव होऊन इतके महिने झाले, आता फार आशा धरू नका. हे ते खोलीत अगदी हळू आवाजात बोलतात, दादाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. मला त्या हळू आवाजाचाच आधार वाटतो.

आता मुद्द्याचं. त्याच्या कपाटातल्या डीजे मिक्सच्या डिस्क मी कॉम्प्युटरवर उतरवून फोनमध्ये घेतल्या. ते काळोखं प्रोग्रेसिव्ह हाउस संगीत तू विसरली नसशीलच. एक शब्द नाही, कितीतरी वेळ नुसता खालचा बेस, मग कुठूनतरी एक सूर वर यायला लागतो आणि येतच राहतो, पोचत काही नाही. आई अर्धा तास ऐकून विचारायची, "अरे, पण गाणं सुरू कधी होणार?" आणि दादा म्हणायचा, "आई, संपत आलं." दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळून दुरुस्त्या करणारा माणूस घरी येऊनही अंधारच लावून बसतो, असं तू म्हणायचीस.

रोज दुपारी मी इयरफोनचा एक कान त्याला लावते, एक मला. डिस्क उतरवताना माझ्या अडाणीपणामुळे दर दोन ट्रॅकच्या मध्ये फट राहिली. मूळ डिस्कवर जोड कळतसुद्धा नाही, एकाच्या पोटात दुसरा केव्हाच सुरू झालेला असतो. माझ्या फोनवर मात्र क्षणभर सगळं बंद पडतं, जिना उतरताना पायरी चुकावी तसं. आणि त्या फटीत दादाच्या कपाळावर आठी पडली.

वहिनी, तीच आठी. जोड चालू असताना मी तोंड उघडलं की पडायची ती. "गाणी कुणीही ऐकतं गं बावळट. जोड ऐक, जोड."

माझा माझ्यावर विश्वास बसेना. आम्ही पाण्याच्या नमुन्यांबरोबर एक कोरा नमुनाही चालवतो, यंत्र आपल्या मनातलंच सांगत नाही ना हे कळायला. तसंच इथं केलं. नुसता मुका इयरफोन लावला, आठी नाही. ट्रॅकच्या मधोमध, जिथं फट नाही तिथं, चेहरा बघत बसले, आठी नाही. फट आली की आठी. शेवटी सिस्टरला काही न सांगता त्याच्यासमोर बसवलं. ती म्हणाली, "ताई, यांना मधूनच कसला त्रास होतो हो?"

ऐकतोय तो. आत आहे.

तू यावंस असं मी म्हणत नाही. बहुतेक म्हणतेय.

तुझी
नणंद


१७ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रिय वहिनी,

तू पाठवलेलं पांघरूण मिळालं. हलकं आहे आणि ऊबही देतं. सिस्टरनं त्याचा रंग पाहून "साहेबांना शोभतं" म्हटलं, आणि जाता जाता दादाचे केसही विंचरून दिले. आई येऊन गेली. तिनं त्याला आमच्या शेजाऱ्यांच्या भांडणाची सगळी हकिकत सांगितली, दोन्ही बाजूंनी, आवाज बदलून. खिडकीसमोरच्या इमारतीला रंग देताहेत. दोरीवर बसलेला रंगारी दादाच्या डोळ्यांसमोरून खाली-वर जातो, आणि मला उगीच वाटतं की तो लिफ्टच बघतोय.

बघ, पान भरत आलं आणि मी अजून रंगाऱ्यापाशीच.

मागच्या महिन्यात दादाच्या छातीत कफ झाला आणि तो कसाबसा निभावला. तेव्हा डॉक्टरांनी विचारलेलं मी तुला फोनवर सांगितलं होतं: पुन्हा तसं झालं तर त्याला श्वासाच्या यंत्रावर घालायचं, की नुसता त्रास कमी करून इथंच शांतपणे राहू द्यायचं? तू घर सोडून चार वर्षं झाली, तरी कागदावर त्याची बायको तूच, म्हणून यंत्र नको म्हणायला सही तुझी लागते. तू म्हणालीस, "त्याच्या कपाळावर आठी पडतेय तोवर माझ्याकडे सही मागू नकोस." मग विचारलंस, "पडते ना?" मी म्हटलं, "पडते. थोडी कमी झालीय."

थोडी कमी नव्हती. मला तेव्हाच दिसेनाशी झाली होती.

क्रमानं सांगते, नाहीतर मी पुन्हा रंगाऱ्याकडे वळेन. ती फट काढणं अगदी सोपं होतं. कामावरच्या एका मुलीनं सांगितलं, "मॅडम, सेटिंगमध्ये एक टिचकी मारा, जाते." मी मारली नाही. उलट ट्रॅक कापून आणखी फटी केल्या. जिथं सूर वर चढत असतो, तिथंच कापला. कारण फट आली की तो दिसायचा. त्याला जे सगळ्यात आवडतं ते रोज दुपारी त्याच्या कानात मोडून मी त्याला हाक मारत होते, आणि त्यानं कपाळाला आठी घातली की मला आनंद व्हायचा. घरी जाताना पावलं हलकी पडायची. असा आनंद काय नावाचा असतो, मला माहीत नाही.

मग आठी उशिरा यायला लागली. मग पुसट झाली. मग एका भुवईपाशी काहीतरी हललं की मी त्यालाच आठी म्हणायला लागले. शेवटची खरी आठी कोणत्या दिवशी पडली, हे मला सांगता येत नाही, वहिनी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाण्यातला कण नि कण सांगणारी मी, मला हे एवढं सांगता येत नाही. मागच्या आठवड्यात सिस्टरला पुन्हा समोर बसवलं, पुन्हा काही न सांगता. फटीमागून फटी गेल्या. ती बराच वेळ बघून म्हणाली, "आता छान शांत असतात हो, ताई." तिला वाटलं, मला बरं वाटेल.

डॉक्टर म्हणतात, पहिल्यापासून ती नुसती स्नायूंची हालचाल असू शकेल. मला ते पटत नाही. पण मला पटत नाही, एवढ्यावर तू सही थांबवावीस, हेही बरोबर नाही.

आणखी एक आहे. हे सांगून मी तुझ्यावरचं ओझं वाढवतेय की उतरवतेय, कळत नाही. दोनदा लिहून खोडलं. आता ठेवते.

तू गेलीस त्या दुपारी त्याची डिस्क चालू होती. तू बॅग घेऊन दारात उभी राहिलीस आणि त्यानं ती थांबवली नाही. एकदा लावली की संपेपर्यंत थांबवायची नाही, हा त्याचा नियम. जेवण निवलं तरी, फोन वाजला तरी. तू मला म्हणाली होतीस, "एक बटण दाबलं असतं तरी मी बॅग खाली ठेवली असती." तुझं बरोबर होतं. मी तेव्हाही हेच म्हटलं, आताही म्हणते. पण त्यानंतर तो कधी हेडफोन लावून बसला नाही. स्पीकरवर लावायचा, तोही इतका बारीक की बेस पंख्याच्या आवाजात बुडून जायचा. मी चिडवलं, "दादा, हे ऐकणं की उपास? काही ऐकू येतं का तुला?" तो म्हणाला, "बेल ऐकू यायला पाहिजे." कोण यायचं होतं, ते मी विचारलं नाही.

काल त्याचा जुना डिस्क प्लेयर घेऊन गेले. तुझ्या त्या दुपारचाच अल्बम, दोन डिस्कचा. त्यातली पहिली डिस्क लावली. फोन नाही, फट नाही. एक कान त्याला, एक मला. सुरुवातीला मी चेहऱ्याकडेच बघत होते, सवयीनं. मग लक्षात आलं, आज बघण्यासारखं काही ठेवलेलंच नाही, आणि डोळे मिटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला जोड ऐकू आला. म्हणजे खरं तर ऐकू आला नाही. आपण दुसऱ्याच कशात आहोत एवढं उशिरा कळलं, आणि आधीचं कधी गेलं ते आठवेना.

शेवटी बेस आधी गेला. मग तो वर येत राहणारा सूर. मग बराच वेळ नुसती खरखर. दादा ती संपेपर्यंत कुणाला उठू द्यायचा नाही. मी उठले नाही. त्याचं कपाळ स्वच्छ होतं.

पुन्हा छाती भरली तर त्याला यंत्रावर घालू नये, असं मला वाटतं. हे लिहायला मला दोन पानं लागली. सही करायची की नाही, ते तू ठरव. मी त्याबद्दल एक शब्द विचारणार नाही, आणि तू काहीही ठरवलंस तरी या घरात कुणी तुला बोल लावणार नाही. आईलाही मी सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "मी कशाला बोलेन? माझं पोरगं तिनं माझ्याहून जास्त ऐकलंय."

दुसरी डिस्क मी लावलेली नाही. तिच्या पाकिटात तशीच आहे. तू येशील तेव्हा लावू. दुपारी खोलीत ऊन असतं, खुर्च्या दोन आहेत, आणि तू दारात आलीस तर या वेळी मी थांबवीन. नाहीच आलीस, तरी एक कान त्याला आणि दुसरा मोकळा ठेवीन.

तुझीच,
तुला वहिनी म्हणायचं अजून न सोडलेली
नणंद