टाकी धुवायचा नंबर

अहो,

भाकरी-कालवण झाकून ठिवलंय, शिफ्टवरनं आल्यावर जेवून घ्या. सम्यकला सणसरला ताईकडं सोडलंय. मी पोलीस ठाण्यात चाललेय.

या घरकुलात आलो तवा गच्चीवरची टाकी धुवायला सगळ्या घरांचा नंबर लावला, एकटा आपला सोडून. मी बोलले, तर तुमी हसून म्हणालात, "बरं झालं, तेवढंच काम वाचलं." दोन वर्षं मीबी गप बसले.

या बारीला नंबर समोरच्या ऋषिराजच्या आईचा होता. त्यांची कंबर धरली, म्हणून कुणीच वर गेलं न्हाय. शेवटी आज पहाटं मीच चढले. आत उतरून शेवाळ खरवडलं, टाकी लख्ख केली. मोटार लागली, बिल्डिंगभर पाणी गेलं. सगळ्यांचे चहा झाले, पोरं आंघोळ करून शाळंत गेली.

दहा वाजता त्या ऋषिराजच्या आईला कळलं. जिन्यात उभी राहून तिनं आपली जात काढली. "या लोकांनी टाकीत पाय घातला," म्हणून बोंबलली आणि लेकाकडनं भरलेली टाकी गटारात सोडून दिली. बाकीचे दारात उभं राहून बघत होते. सगळं माझ्या मोबाईलमधी हाय.

"जाऊ दे" म्हणायला फोन करू नका. लय वेळा जाऊ दिलं.

नळाला थेंब न्हाय. पण ओट्यावर हंडा भरलेला हाय, मी धुतलेल्या टाकीतला. त्यातलं पाणी प्या आणि ठाण्यात या.

ज्योत्स्ना