भैरवीनंतरचं गाणं

आबा, त्या भैरवीबद्दल तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत. तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढं आले मी आता, तरी पेटी उघडली की आधी तेच आठवतं. शिरोलीच्या एका फौंड्रीत भट्टीवर माणूस भाजला, म्हणून बिहारकडच्या मजुरांनी काम थांबवलं आणि मालकाच्या तक्रारीवरून पोलिसांनी चौघांना उचललं. कोर्टानं जामीन मंजूर केला, पण जामीन राहायला नावावर सातबारा असलेला इथला माणूस हवा होता. परमुलखातल्यांना तो कुठून मिळणार? चौघं तुरुंगात बसून. म्हणून तुम्ही तालमीच्या हॉलमध्ये संध्याकाळी गाणं ठेवलंत. मी गायचं, तुम्ही पेटी धरायची, आणि शेवटी चौघांपैकी एकाच्या बायकोनं तिच्या मुलखातलं गाणं म्हणून लोकांपुढं पदर पसरायचा.

ती खांबाला टेकून बसली आहे, ओठांतल्या ओठांत शब्द जुळवते आहे. माझं तिसरं भजन संपतं आणि दारात फौंड्रीचा मालक येऊन उभा राहतो, सोबत दोन पोलीस. कोण कोण बसलंय ते नुसतं बघून घेतो. मग माझ्याकडं बघतो. तुमच्या जावयाची नोकरी त्याच्याच ऑफिसात. मी थेट भैरवी सुरू केली. भैरवी झाली की मैफल संपली, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. त्यानंतर कुणी आग्रह केलाच, तर तुम्ही पेटी बंद करून सरळ उठून जायचात. लोक उठले, चपला शोधू लागले. ती बाई काही न कळून माझ्याकडं बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात तुम्ही पेटीचा भाता पुन्हा मोकळा केलात. "बसा की जरा! भैरवी लवकर झाली, चूक माझी हाय. मीच खूण केलती पोरीला. ह्या बाईचं गाणं ऱ्हायलंय."

"भैरवीवर गाणं? म्हातारं बिघडलं की!" मागून कुणीतरी हसलं.

तुम्ही मान वर केली नाहीत. ती उभ्यानंच गायली, सूर हलत होता. शब्द कुणालाच धड कळले नसतील, पण चपला हातात घेतलेले लोक तसेच थांबले. मग पेठ वडगावचा एक शेतकरी मालकाच्या समोरून पुढं आला. "पावणं हायत आपलं. माझा सातबारा घ्या." त्याच्यामागून आणखी तिघं आले.

चौघं सुटले. तुम्हाला मात्र कोल्हापुरातल्या जाणकारांनी पुन्हा साथीला बोलावलं नाही. भैरवी आधीच का घेतलीस म्हणून आई माझ्यावर चिडली, तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "भैरवी धरली तवा बोट वर करून थांब म्हणालतो मी, तिला दिसलं न्हाय. पोरीला बोलू नगंस." मी चुलीपाशी भाकरी थापत सगळं ऐकत होते. तेव्हा उठून यायला हवं होतं, आले नाही.

हा कागद घडी करून तुमच्या पेटीच्या खोक्यात ठेवते. आबा, तुमचं बोट मला दिसलं होतं.